'ठरलं' असं नक्की कोण म्हणालं?

पत्र असं आहे:

"नमस्कार काका. मी बेळगावच्या उद्यमबागेत, ओतकाम करणाऱ्या एका फाउंड्रीच्या ऑफिसात काम करते. दर सोमवारी सकाळी प्रॉडक्शनची मीटिंग होते, तिचे मिनिट्स, म्हणजे काय बोलणं झालं आणि काय ठरलं याची नोंद, लिहायचं काम माझ्याकडे. आधी मी वहीत टिपून घ्यायची आणि दुपारी टाइप करायची. आता सरांनी एक एआयचं ॲप घेऊन दिलंय. फोन टेबलावर ठेवायचा, रेकॉर्डिंग सुरू करायचं, संपलं की ॲप इंग्लिशमध्ये मिनिट्स काढून देतं. आमच्याकडे मराठी, कन्नड, हिंदी सगळं मिसळून बोलतात. मागच्या आठवड्यात घोटाळा झाला. मोल्डिंगचे सुपरवायझर आहेत, त्यांना सगळे मामा म्हणतात. सरांनी त्यांना विचारलं, 'गुरुवारपर्यंत पावणेदोनशे निघतील काय?' मामा म्हणाले, 'बघूया की. सँड आली तर.' सँड म्हणजे साच्याची वाळू. ॲपने लिहिलं, गुरुवारपर्यंत 200 कास्टिंग देण्याचं मोल्डिंग विभागाने मान्य केलं. गडबडीत मी न वाचता पाठवून दिलं. गुरुवारी माल निघाला नाही, तेव्हा सरांनी तो कागद मामांच्या पुढे टाकला. मामांना इंग्लिश वाचता येत नाही. आता ते माझ्याशी बोलत नाहीत. स्टोअरचे अण्णा म्हणतात, तो फोन टेबलावर असेल तर मी तोंडच उघडणार नाही. यावर सर म्हणतात, मग फोन खिशात ठेव, कुणाला सांगू नकोस. पुढच्या महिन्यापासून डायरेक्टरांच्या मीटिंगचंही असंच करायचं म्हणतायत. मी काय करू? आणि सगळं ॲपच लिहिणार असेल तर मला कशाला ठेवतील, अशी भीतीही वाटते."

ताई,

फोन खिशात ठेवायचा नाही. बाकी सगळ्यावर सविस्तर बोलूया, पण या एका गोष्टीला मधला रस्ता नाही. उद्यमबागेत एका शेडमधली गोष्ट दुसऱ्या शेडमध्ये जायला चहाची एक सुट्टी पुरते. चोरून रेकॉर्डिंग होतंय हे आज ना उद्या कळणार, आणि कळलं की नाव सरांचं नाही, तुमचं निघणार, कारण फोन तुमच्या खिशात सापडेल. सरांना हे नीतीच्या भाषेत सांगायला जाऊ नका, ते ऐकून घेतील आणि विसरतील. हिशेबाच्या भाषेत सांगा: "सर, लपवून केलेलं रेकॉर्डिंग उद्या कुणाला दाखवता येणार नाही. दाखवलं तर दुसऱ्या दिवशी अर्धं मोल्डिंग सुट्टीवर. मग करून उपयोग काय?" एवढं सांगूनही ऐकलं नाहीत, तर वही काढा आणि हाताने लिहा. हाताने लिहिलेले मिनिट्स अजून कुठे बंद झालेले नाहीत.

आता त्या दोन ओळींकडे येऊ, कारण तुमच्या पत्रातला खरा माल तिथे आहे. सरांनी विचारलं पावणेदोनशे, कागदावर आलं दोनशे. मामांनी अट घातली, सँड आली तर. कागदावर अट नाही. मामा म्हणाले 'बघूया की', कागदावर आलं 'मान्य केलं'. बेळगावातल्या कुठल्याही माणसाला विचारा, 'बघूया की' म्हणजे होकार काय? उसने पैसे मागितल्यावर समोरचा 'बघूया की' म्हणाला तर आपण घरी जाऊन पैसे मोजायला बसतो काय?

यातली पहिली चूक आणि बाकीच्या दोन चुका वेगवेगळ्या जागी झाल्यात, आणि उपाय कळायला हा फरक लक्षात घ्यावा लागतो. असली ॲप दोन टप्प्यांत काम करतात. आधी आवाजाचं लिखाण होतं, म्हणजे कोण काय बोललं ते शब्दशः उतरवलं जातं. मग दुसरं एक मॉडेल ते लिखाण वाचून त्याचा सारांश काढतं. 'पावणे' गळलं ते पहिल्या टप्प्यात. कॉम्प्रेसरच्या आवाजात गेलं असेल किंवा यंत्राला ते उमगलंच नसेल. पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे आपले आकडे अशा यंत्रांच्या गळ्यात हमखास अडकतात. 'मान्य केलं' हे मात्र दुसऱ्या टप्प्याचं कर्तृत्व. त्या मॉडेलला मिनिट्सचा एक साचा माहीत असतो: काम काय, कुणाकडे, कधीपर्यंत. साच्यात तीन रकाने आहेत म्हटल्यावर ते तिन्ही भरणार. काम सापडलं, नाव सापडलं, वार सापडला, झाला निर्णय. 'यावर काहीच ठरलं नाही' हा चौथा रकाना त्याला तुम्ही दिल्याशिवाय ते स्वतःहून क्वचितच काढतं. आणि आपल्या मीटिंगांमध्ये सगळ्यात जास्त वेळा होतं ते नेमकं हेच.

पहिल्या टप्प्याबद्दल थोडं आणखी. ओपनएआय कंपनीने 2022 मध्ये 'व्हिस्पर' नावाचं मॉडेल सगळ्यांसाठी खुलं केलं आणि आवाजावरून लिखाण करणाऱ्या कितीतरी ॲपच्या पोटात आज तेच आहे. पहिल्या व्हिस्परला 6 लाख 80 हजार तासांचा आवाज ऐकवून शिकवलं होतं. ऐकायला प्रचंड वाटतं, पण त्यात इंग्लिश सोडून बाकी 96 भाषांचं स्वतःच्या लिपीतलं लिखाण सगळं मिळून 1 लाख 17 हजार तासांचं. त्या 96 मध्ये मराठी एक आणि कन्नड एक. खानापूरकडच्या माणसाचं मराठी त्यात किती असणार, तुम्हीच ठरवा. दुसरं म्हणजे ते आवाज 30 सेकंदांच्या तुकड्यांत ऐकतं, आणि भाषा सांगितली नसेल तर मूळ पद्धतीत पहिल्या 30 सेकंदांवरून ती ठरवतं. आता आठवा, तुमची मीटिंग सुरू कशी होते? सर "गुड मॉर्निंग एव्हरीबडी, लेट अस स्टार्ट" म्हणत असतील तर पुढचा पाऊण तास यंत्र मामांचं बोलणं इंग्लिश समजून ऐकत बसायचं. ॲपच्या सेटिंगमध्ये भाषा 'ऑटो' असेल तर ती मराठी करा. कन्नडचा भाग तरीही कच्चाच उतरेल, पण मराठीचा गाळ बराच कमी होईल.

आणखी एक गोष्ट, थोडी भीतिदायक. 2024 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी व्हिस्परची एक तपासणी प्रसिद्ध केली. त्यांना साधारण 1 टक्का ध्वनितुकड्यांच्या लिखाणात कुणी उच्चारलीच नव्हती अशी अख्खी वाक्यं किंवा वाक्यांचे तुकडे सापडले. बोलण्यात लांब थांबे असले की हे जास्त होत होतं. आणि ते बोलणं इंग्लिश होतं. तुमच्याकडे अण्णा रजिस्टर चाळून आकडा काढेपर्यंत जी शांतता पसरते ना, तिथे लक्ष ठेवा.

एवढं सगळं वाचून तुम्हाला वाटेल काका आता ॲप काढून टाका म्हणणार. नाही. ॲप ठेवा. वहीत लिहिताना तुम्ही खाली बघता आणि बोलणारा पुढे निघून जातो, हा त्रास खरा होता आणि तो गेला हे चांगलंच झालं. फक्त निर्णय लिहायचं काम ॲपकडून काढून घ्या आणि ते मीटिंगमध्येच, सगळ्यांच्या देखत उरकून टाका.

म्हणजे कसं? तुमच्या घरात कुणी सोसायटीचे संचालक असतील तर त्यांना विचारा. आपल्याकडे दोन गल्ल्यांआड एक क्रेडिट सोसायटी आहे, तेव्हा कुणी ना कुणी असेलच. तिथे कितीही भांडणं झाली, कुणी खुर्ची सरकवून उठून गेलं, तरी प्रोसिडिंगमध्ये शेवटी ठराव येतो, त्याला सूचक असतो, अनुमोदक असतो, आणि ठराव मोठ्याने वाचला जातो. चर्चा वेगळी, ठराव वेगळा. फाउंड्रीत सूचक-अनुमोदक नकोत, पण मोठ्याने वाचणं पाहिजे. प्रत्येक विषय संपला की तुम्ही, होय तुम्हीच, म्हणायचं: "सर, मग असं लिहू काय? कास्टिंग एकशे पंच्याहत्तर, म्हणजे एक-सात-पाच. सँड मंगळवारी आली तर गुरुवारी, 18 तारखेला, डिस्पॅच. सँड आणायची जबाबदारी अण्णांची. सँड आली नाही तर तारीख नाही. मामा, बरोबर काय?" आणि मामांचं 'हो' किंवा 'नाही' ऐकू येईपर्यंत थांबायचं.

आता हेच वाक्य रेकॉर्डिंगमध्ये जातं. आकडा सुटा बोललेला आहे, वाराबरोबर तारीख आहे, नाव आहे, अट आहे. यंत्राला अंदाज बांधायला जागाच उरत नाही. 'परवा', 'पुढच्या आठवड्यात', 'लगेच' असे शब्द आले की तिथल्या तिथे तारीख विचारून घ्या. 'परवा देतो' म्हणणारा माणूस पुढचा दिवस सांगतोय की मागचा, हे यंत्राने चुकवलं तर त्याला दोष तरी काय द्यायचा.

पहिल्या दोन सोमवारी हे अवघड जाईल. बायकांनी मीटिंगमध्ये नुसतं लिहायचं, बोलायचं नाही, ही रीत आपल्या शेडमध्ये अजून आहे, मला माहीत आहे. म्हणून आधी सरांशी बोलून घ्या. सरांनी एकदा सगळ्यांसमोर सांगितलं की "विषय संपला की मॅडम वाचून दाखवतील, तोपर्यंत पुढचा विषय नाही", की झालं. सरांना हे पटेल. त्यांचं दुखणं रेकॉर्डिंगचं नाहीच, माणसं नंतर शब्द फिरवतात हे आहे. तोंडावर वाचून घेतलेला शब्द फिरवणं जास्त अवघड.

फोनच्या जागेचंही बघा. तो टेबलाच्या मधोमध ठेवा, पण खाली रुमालाची घडी घाला. नुसत्या टेबलावर ठेवला की चहाचा प्रत्येक ग्लास ठेवल्याचा आवाज बोलण्यापेक्षा मोठा जातो. वरचा पंखा बारीक करा. शेडकडचं दार लावून घ्या. आणि सरांना सांगा, विचारताना नाव घेऊन विचारा. "मामा, तुम्ही सांगा", "अण्णा, स्टॉक किती?" असं झालं की लिखाणात 'स्पीकर 1', 'स्पीकर 2' असा गोंधळ आला तरी कोण बोललं ते तुम्हाला सापडतं.

ॲपला सूचना देता येत असतील, आणि बहुतेकांना देता येतात, तर त्या कायमच्या लिहून ठेवा. आधी तुमच्या शेडमधल्या शब्दांची यादी द्या: कोअर, पॅटर्न, फेटलिंग, ब्लोहोल (मालात राहिलेली हवेची भोकं), हीट, रिजेक्शन, ग्राहकांची नावं, मशीनचे नंबर, माणसांची नावं. ही यादी नसेल तर फेटलिंगचं 'सेटलिंग' आणि त्या सेटलिंगचं सारांशात 'सेटलमेंट' व्हायला वेळ लागत नाही, मग अकाउंट्सवाले विचारत येतात की कुणाचं सेटलमेंट. यादीच्या खाली साध्या मराठीत लिहा: "जे बोललं गेलं नाही ते लिहू नकोस. 'असं लिहू काय' या वाक्यानंतर जे वाचलं गेलं आणि ज्याला हो मिळाला, तेवढाच निर्णय. बाकी सगळं चर्चा. काही ठरलं नसेल तर 'निर्णय झाला नाही' असं लिही. अट घातली असेल तर ती निर्णयातच लिही. कुणी विरोध केला असेल तर त्याच्या नावासकट लिही. प्रत्येक निर्णयाखाली मूळ वाक्य आणि ते रेकॉर्डिंगमध्ये कितव्या मिनिटाला आहे ते दे."

विरोधाचं मुद्दाम सांगतोय. सारांश काढणाऱ्या मॉडेलला सगळं गोडगोड करायची खोड असते. मामा म्हणाले असतील, "पॅटर्न दुरुस्त केल्याशिवाय हे ब्लोहोल जाणार नाहीत, मी गेल्या महिन्यातपण सांगितलंय," तर कागदावर येतं, "गुणवत्ता सुधारण्याबाबत सकारात्मक चर्चा झाली." उद्या ग्राहकाकडून माल परत आला की मामांनी सांगितलं होतं याचा पुरावा कुठे? मामांसारखी माणसं फोनवर रागावतात तेव्हा त्यांना हे दाखवा की तोच फोन त्यांची बाजूही लिहून ठेवू शकतो. बोलत नाहीयेत तो राग यंत्रावरचा कमी आणि न वाचता कागद पाठवला याचा जास्त आहे, असं मला वाटतं. तेव्हा येत्या सोमवारी पहिला विषय हाच घ्या: मागच्या मिनिट्समधली दुरुस्ती. 200 च्या जागी 175, 'मान्य' च्या जागी 'सँड आल्यास, निर्णय झाला नाही'. सरांच्या समोर वाचा आणि दुरुस्त कागद पुन्हा पाठवा. माफीचं लांबण लावू नका, दुरुस्ती पुरे. जुना कागद मात्र मेलमधून गुपचूप उडवू नका. दुरुस्ती झाली हे दिसलं पाहिजे.

मूळ वाक्य आणि मिनिट मागून घेतल्याचा फायदा असा, की तपासायला अख्खं रेकॉर्डिंग ऐकावं लागत नाही. निर्णय सहा असतील तर सहा ठिकाणी जाऊन ऐकायचं. आकडे, तारखा, नावं, आणि 'नाही' हा शब्द. एवढं चार वेळा ऐका, बाकी लिखाण थोडं वाकडं असलं तरी चालतं.

मग भाषा. बेळगावात हा विषय काढला की चहा गार होतो, त्यामुळे मी आपल्या शेडपुरतंच बोलतो. जो कागद मामांना वाचता येत नाही, तो त्यांच्यापुढे टाकायचा सरांना काही अधिकार नाही. ग्राहकाला इंग्लिश प्रत पाठवायची असेल तर पाठवा, ती वेगळी. शेडमधल्या माणसांसाठी निर्णयांचा भाग मराठीत आणि त्याखाली कन्नडमध्ये द्या. इथे एआयचा उपयोग खरोखर होतो: सहा-सात छोटी, सरळ वाक्यं मराठीतून कन्नडमध्ये न्यायला ही मॉडेल बऱ्यापैकी भरवशाची आहेत, आणि केंद्र सरकारचा 'भाषिणी' प्रकल्पही याच कामासाठी 2022 पासून सुरू आहे. मराठी मामांना वाचायला द्या, कन्नड अण्णांना. अण्णांना नुसतं वाचायला देऊ नका, तपासायला द्या. "अण्णा, कन्नड बरोबर आलंय काय बघा, मला एवढं कळत नाही" असं म्हटलंत तर 'तोंड उघडणार नाही' म्हणणारे अण्णाच चार चुका काढून दाखवतील. उत्तर प्रदेश-बिहारची पोरं कामाला असतील तर त्यांच्यापुरता निर्णय हिंदीत तोंडी सांगितला तरी भागतं.

कागद त्याच दिवशी संध्याकाळच्या आत ग्रुपवर टाका, आणि आक्षेपाला दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत वेळ द्या. आक्षेप नाही आला तर पक्कं. पक्कं झालं की रेकॉर्डिंग पुसून टाका, फोनमधूनही आणि ॲपच्या खात्यातूनही, आणि हा नियम सगळ्यांना आधीच सांगून ठेवा. रेकॉर्डिंग वर्षभर पडून राहणार म्हटलं की माणसं जपून बोलतात. मिनिट्स पक्के होईपर्यंतच राहणार म्हटलं की भीती निम्मी होते. पगार, कुणाची कानउघाडणी, कुणाच्या घरचं दुखणं-खुपणं असं काही निघालं की रेकॉर्डिंग थांबवा आणि "थांबवलंय" असं बोलून दाखवा. ग्राहकाचे दर आणि ड्रॉइंग यांचंही तेच. गाड्यांच्या कंपन्यांना माल देत असाल तर गुप्ततेच्या करारावर सरांनी सही केलेली असण्याची शक्यता दाट आहे, आणि फुकटच्या ॲपवर टाकलेला आवाज तुमच्या शेडमध्ये राहत नाही, तो त्या कंपनीच्या सर्व्हरवर जातो. सेटिंगमध्ये 'मॉडेल सुधारण्यासाठी माझा डेटा वापरा' अशा अर्थाचं बटण असतं, ते बंद करा.

नोकरीचं विचारलंत. नुसतं ऐकून टाइप करणं हेच काम असतं तर मी तुम्हाला खोटा धीर दिला नसता, ते काम कमी होत चाललंय. पण वर जे सांगितलं त्यातलं "मामा, बरोबर काय?" हे ॲप विचारत नाही. तारीख कोण मागून घेणार, अट कोण पकडणार, अण्णांना कन्नड कोण दाखवणार? दोन महिने हे नीट केलंत तर सोमवारची मीटिंग तुमच्यावाचून सुरू होणार नाही. तेव्हा पगारवाढीचंही बोला, आणि तेवढं मात्र रेकॉर्डिंग न करता.

राहिली डायरेक्टरांची मीटिंग. तिथे सरांना स्पष्ट 'थांबा' म्हणा. तुमची फाउंड्री प्रायव्हेट लिमिटेड असेल तर बोर्डाच्या मीटिंगचे मिनिट्स ही कायद्याची बाब आहे, कंपनी कायदा 2013, कलम 118. मीटिंग संपल्यापासून 30 दिवसांत ते मिनिट्स बुकात आले पाहिजेत. पानांना ओळीने क्रमांक लागतात, अध्यक्षाची प्रत्येक पानावर आद्याक्षरी आणि शेवटच्या पानावर तारखेसह सही लागते, आणि छापलेला कागद आणून बुकात चिकटवलेला चालत नाही. कंपनी सेक्रेटरींच्या संस्थेच्या सभाविषयक मानकाप्रमाणे मसुदा 15 दिवसांत डायरेक्टरांकडे जातो आणि त्यावर बोलायला त्यांना 7 दिवस मिळतात. त्या मिनिट्समध्ये फेरफार केल्याचं सिद्ध झालं तर 2 वर्षांपर्यंत कैद आणि 25 हजार ते 1 लाख रुपये दंड आहे. 175 चे 200 होणं सोमवारी भांडणावर भागलं, तिथे भागणार नाही. तुमच्या सीएंना फोन लावा, ते किंवा त्यांच्या ओळखीचे कंपनी सेक्रेटरी मसुदा करतील. ॲपचं टिपण त्यांना संदर्भाला द्यायचं असेल तर सगळ्या डायरेक्टरांना आधी विचारून द्या.

ता. क.: सूचनांमध्ये 'बघूया की' हेही घाला, आणि पुढे लिहा: "याचा अर्थ होकार नाही."